वाटाण्याचं रोप आणि नानींच्या पाटल्या

आषाढात शाळा जरा स्थिरस्थावर झाली, की मला दरवर्षी काहीतरी नवं करून बघायची हुक्की येते. तुम्हाला ठाऊकच आहे, मी अर्धवेळ शिक्षिका. घरचं उरकून अकराला शाळेत जायचं, मराठी आणि चित्रकला शिकवायची आणि अडीचच्या आत घरी परतायचं, कारण तीनला नानींचा चहा. नानी म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं घर त्यांना नानी म्हणतं, म्हणून मीही.

तर यंदा मी सातवीच्या मुलींना सांगितलं, प्रत्येकीने घरून एक काचेचा पेला आणायचा. वाण्याकडून पावशेर वाटाणा आणला, रात्रभर भिजवला आणि सकाळी फडक्यात बांधून वर्गात नेला. पेल्याच्या आतून ओला टीपकागद लावायचा आणि कागद व काच यांच्यामध्ये एक वाटाणा ठेवायचा. गृहपाठ एवढाच, की रोज त्याच जागी बसून, त्याच बाजूने पाहून वाटाण्याचं एक चित्र काढायचं. दिवसाला एक.

तिसऱ्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "बाई, आजचं कालच्यासारखंच दिसतंय. कालचंच उतरवून काढू का?" मी म्हटलं, "नाही हं. आज पाहून आजचंच काढ." नाराजीनेच बसली बिचारी. पंधरा दिवस झाले तेव्हा मी सगळी चित्रं कापून भिंतीवर ओळीने चिकटवली. पहिल्या चित्रात गोल गरगरीत वाटाणा, मग फाटलेलं साल, मग खाली पांढरं मूळ, मग मान वाकवून वर आलेला कोंब, आणि शेवटी दोन इवली पानं. तीच मुलगी पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत बोट फिरवत गेली आणि म्हणाली, "बाई, हे कधी झालं?"

रोज तिने स्वतःच्या हाताने काढलं होतं, आणि विचारत होती, कधी झालं!

हा उद्योग माझ्या डोक्यातला नव्हे. तो आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचा आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. त्यांना सगळे 'भारतीय चित्रपटाचे जनक' म्हणून ओळखतात, पण सिनेमाच्या कितीतरी आधी ते फोटोग्राफर होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा थाटला. तिथे प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईचं काम केलं. राजा रविवर्म्यांची लक्ष्मी आणि सरस्वती ज्या छापखान्यातून घरोघरी पोचल्या, त्या छापखान्यासाठीही फाळक्यांनी काम केलं आहे. आपल्या आजीच्या देवघरात कमळावर उभी असलेली लक्ष्मी होती ना, ती आठवा.

१९११ साली ईस्टरच्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता, आणि यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले. मग वेडच लागलं. महिनोन्‌महिने रोज रात्री चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहायचे. इतके, की काही काळ दृष्टीच गेली. उपचार झाले, डोळे परत आले, आणि विम्याची पॉलिसी गहाण टाकून हे गृहस्थ १९१२ मध्ये विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले.

आता सिनेमा काढायचा तर पैसा हवा. आणि पैसेवाल्यांना पटवायचं तर काहीतरी करून दाखवायला हवं. दुसरा कोणी असता तर त्याने आगगाडी किंवा हत्ती-घोडे दाखवले असते. फाळक्यांनी काय केलं? एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवला आणि न हलवता, ठराविक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. महिनाभराहून जास्त. मग ती सगळी चित्रं सलग पडद्यावर दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जमीन फुटली, कोंब वर आला, पानं उलगडली, वेल चढली. त्या छोट्याशा चित्रपटाचं नाव 'अंकुराची वाढ'. तो पाहून त्यांना कर्ज मिळालं, आणि त्यातून ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

मी मुलींना म्हटलं, "यात जादू काहीच नव्हती. वाटाणा काय, सगळ्यांच्याच परसात उगवतो. जादू एवढीच, की एक माणूस रोज त्याच जागी उभा राहून पाहत राहिला." वाक्य चांगलं जमलं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. घरी येऊन ह्यांनाही ऐकवलं.

पण मैत्रिणींनो, शिकवणारी बाईच नापास झाली. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

दिवाळीत भाऊबीजेला धाकट्या नणंदबाई मालेगावहून आल्या. त्यांचं मधल्या काळात येणं झालं नव्हतं, वर्षाने माहेरी पाऊल टाकत होत्या. ओसरीवर नानी बसल्या होत्या. नणंदबाई वाकून नमस्कार करायला गेल्या आणि तशाच थबकल्या. आत येऊन हळूच मला म्हणाल्या, "वहिनी, नानी इतकी वाळली कधी?"

खरं सांगू? मला राग आला. वर्षातून एकदा यायचं, दोन दिवस राहायचं आणि जाताना असं काही बोलून जायचं. दोन्ही वेळचं ताट मी वाढते. नानींना भाकरी कडक लागत नाही म्हणून त्यांची शेवटी, मऊ करते. आंघोळीचं पाणी मी काढते. मला दिसत नाही आणि यांना दिसतं? मी तोंडाने म्हटलं, "वय झालं आता, ताई." पण आवाज चढलेलाच होता. त्यांनाही तो कळला. त्या गप्प झाल्या.

रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाईल घेऊन बसले. खोटं कशाला बोलू, मी त्यांना खोटं पाडण्यासाठीच बसले होते. मागच्या वर्षीच्या भाऊबीजेचा फोटो शोधला. नानी त्याच ओसरीवर, त्याच बाकावर बसलेल्या. मग त्याच दिवशी दुपारी मुलाने काढलेला यंदाचा फोटो उघडला. एक पाहायची, मग दुसरा पाहायची.

मला आधी चेहऱ्यात फरक दिसला नाही. दिसला तो हातात. नानींच्या हातात लग्नातल्या पाटल्या आहेत. मागच्या वर्षीच्या फोटोत त्या मनगटावर घट्ट बसलेल्या. साबण लावल्याशिवाय निघत नसत, असं त्याच सांगायच्या. यंदाच्या फोटोत नानींनी नातीच्या डोक्यावर हात ठेवायला तो वर उचलला होता, आणि पाटल्या पार कोपरापर्यंत घसरल्या होत्या.

मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. माझ्या कानात आमच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न घुमत होता. बाई, हे कधी झालं?

मग एकेक आठवायला लागलं. रात्री दोन-तीनदा माठावरचं झाकण वाजायचं. मी कूस बदलून म्हणायची, म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच. नानी रात्री उठून पुन्हा पुन्हा मोरीकडे जायच्या. मी दिवा लावून ठेवायची, सोय केली म्हणून समाधान मानायची. पायाच्या अंगठ्याजवळ एक जखम होती, महिना झाला तरी भरत नव्हती. मी हळद लावून द्यायची. या सगळ्या गोष्टी मला माहीत होत्या. एकही लपलेली नव्हती. पण रोज एकेक दिसली, म्हणून ओळीने कधी दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. उपाशीपोटीची साखर अडीचशेच्या वर निघाली. डॉक्टर जखम पाहून म्हणाले, "आणलंत ते बरं झालं. अजून दोन-तीन महिने असंच गेलं असतं, तर पायाचं कठीण होतं." आता गोळ्या सुरू आहेत, पथ्य सुरू आहे, जखम भरत आली आहे. तहान फार लागणं, रात्री सारखं उठावं लागणं, खाऊनपिऊनही वजन उतरणं, जखम न भरणं, ही सगळी मधुमेहाची नेहमीची लक्षणं. मासिकांतून मी शंभर वेळा वाचली असतील. पण ती पानातल्या पानात राहिली.

जाताना नणंदबाईंचे हात हातात घेतले आणि म्हटलं, "ताई, मला राग आला होता तुमचा." त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही रोज पाहता म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मी रोज पाहत नाही म्हणून मला दिसलं. त्यात तुमचा काय दोष?"

त्यांनी मोठ्या मनाने म्हटलं. पण तेवढ्याने माझं समाधान होईना. रोज पाहूनही दिसत नसेल, तर मग रोज पाहायचंच कशाला? आणि फाळक्यांना रोज पाहूनच कसं दिसलं?

याचं उत्तर मला मिळालं ते नानींकडूनच, आणि तेही बोलता बोलता. आमच्या सटाण्याचं दैवत म्हणजे देव मामलेदार, यशवंतराव महाराज. नाव यशवंत महादेव भोसेकर, जन्म १८१५ चा. ते इथे मामलेदार होते, म्हणजे आजच्या भाषेत तहसीलदार. १८७०-७१ च्या दुष्काळात लोक अन्नान्न करू लागले, तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला. एक लाख सत्तावीस हजार रुपये वाटले, असं इथे सांगतात. १८८७ साली नाशिकला त्यांनी देह ठेवला. सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ झालं, असं दुसरं गाव निदान मला तरी माहीत नाही. मार्गशीर्षात वद्य एकादशीला यात्रा भरते, रथ निघतो, आणि सारं बागलाण लोटतं.

नानी पाय चांगले होते तोवर रोज सकाळी देवळात जायच्या. आता आठवड्यातून एकदा मी नेते. दवाखान्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघी गेलो होतो. मी सहज विचारलं, "नानी, इतकी वर्षं रोज तेच दर्शन. रोज तेच पाहून कंटाळा नाही आला कधी?" नानी पायरीवर टेकत आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "माय, आपण नही देखत. देव देखस आपलाले." आपण कुठे पाहतो, देव पाहतो आपल्याला.

मग म्हणाल्या, काल खोटं बोललेलं असलं तर आज समोर उभं राहताना पाय जड होतो. काल कुणाला जेवू घातलेलं असलं तर आज हलका वाटतो. देव तोच, जागा तीच, म्हणून आपल्यातला फरक कळतो.

म्हणजे मैत्रिणींनो, फाळक्यांचा कॅमेरा काय आणि नानींचा देव काय, एकाच रीतीने पाहतात. जागा बदलायची नाही, दिवस चुकवायचा नाही, आणि आजचं कालच्या शेजारी ठेवायचं. मी नानींकडे रोज पाहत होते, पण आज पाहताना कालचं बाजूला ठेवत नव्हते. ताटाकडे लक्ष होतं, घड्याळाकडे लक्ष होतं. माणसाकडे नव्हतं. आमचे मामलेदारही रोज कचेरीत बसत असणार, सारा आणि धान्याचे आकडे वाचत असणार. आकड्यांमागची रिकामी पोटं त्यांना दिसली, म्हणून ते देव झाले. एरवी मामलेदार काय, कितीतरी होऊन गेले.

आता फोटोचीच गोष्ट निघाली आहे तर फाळक्यांच्या आणखी दोन चित्रांबद्दल सांगते.

पहिलं चित्र असं, की ते काढलेलंच नाही. पहिली पत्नी गेल्यावर फाळक्यांचं १९०२ साली दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी या बाईने काय काय केलं पाहा. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून उभी राहायची, म्हणजे त्यावरून उलटलेला उजेड नटांच्या तोंडावर पडावा. कच्च्या फिल्मला कडेने भोकं पाडावी लागत, ती रात्री अंधारात पाडायची. फिल्म धुण्याची रसायनं कालवायची. आणि हे सगळं करून कंपनीतल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक, कारण मंडळी घरीच राहायला. अंगावरचे दागिनेही या कामी दिले. तारामतीचं काम करायला कोणी बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके नावाच्या एका तरुणाने लुगडं नेसून ती तारामती केली. पडद्यावर जी स्त्री दिसली, ती पुरुष होता. आणि जी खरी स्त्री होती, ती चादरीमागे उभी होती.

ही गोष्ट वाचल्यापासून मला कुठल्याही जुन्या फोटोत आधी उजेड कुठून आला ते पाहायची सवय लागली आहे. आपल्या घरचे फोटोही असेच नाहीत का? मुंजीतला, बारशातला, सहलीतला फोटो काढा आणि घरातली बाई शोधा. ती एक तर फोटो काढत असते, नाही तर आत ताटं वाढत असते. असलीच तर घाईने येऊन शेवटच्या ओळीत उभी, पदराला हात पुसत. आमचे मामंजी गेले तेव्हा त्यांचे फोटो कितीतरी निघाले. माझी स्वतःची आजी गेली तेव्हा मात्र एकही निघेना. मामाच्या लग्नातल्या घोळक्यातला तिचा बोटभर चेहरा कापून, मोठा करून घेतला. इतका मोठा केला, की त्यात आजी उरलीच नाही, नुसते ठिपके राहिले. त्या ठिपक्यांना आम्ही हार घालतो.

दुसरं चित्र १९१९ सालचं. तेव्हा फाळके नाशिकला येऊन राहिले होते. 'कालिया मर्दन' या चित्रपटात त्यांनी बाळकृष्णाचं काम आपल्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला दिलं. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ती मुलगी तुमच्यासमोर येते. आधी साधी मुलगीच. ती हसते, रुसते, दचकते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते. मग त्याच चेहऱ्याचा हळूहळू कृष्ण होतो. या चित्रपटाचा बराच भाग टिकून आहे, तुम्हालाही तो पाहायला मिळेल.

फाळक्यांनी हे आपल्या मुलीचा अभिनय लोकांना कळावा म्हणून केलं असेल. पण मला त्यात दुसरंच दिसतं. फाळक्यांच्या चित्रपटांत राम-कृष्ण पडद्यावर आले, की लोक हात जोडत, पायातली पायताणं काढून ठेवत. अशा काळात हा बाप लोकांना म्हणतो, नमस्कार करा, पण आधी माझ्या मुलीचा चेहरा नीट पाहून घ्या. देव वेगळा कुठून आणायचा नाही. घरातल्याच माणसाकडे नीट पाहिलं, की तोच पुढे कृष्ण होतो. आपण मात्र उलट करतो. गोकुळाष्टमीला पोराला मोरपीस लावून फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या तोंडाकडे बघायला सवड नसते, नुसतं प्रगतिपुस्तक बघतो.

असो. आता कामाचं सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल, बाई नुसत्याच बोलतात.

घरातल्या प्रत्येक माणसाचा वर्षातून एकदा तरी फोटो काढा, आणि तो एकाच दिवशी, एकाच जागी, एकाच बाजूच्या उजेडात. सण कोणताही ठरवा. पाडवा, भाऊबीज, गावची यात्रा. मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून पाहा. मुलांची उंची आनंदाने दिसेल. म्हाताऱ्या माणसांचं वजन, पाठीचा बाक, पायांची सूज हेही दिसेल. दिसलं तर दवाखाना गाठा, वयावर घालू नका.

मोबाईलमधल्या शेकडो फोटोंतून वर्षाला दहा-बाराच निवडा आणि दुकानातून कागदावर काढून घ्या. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, आणि त्याबरोबर पाच वर्षं जातात.

जुन्या फोटोंच्या मागे माणसांची नावं, गाव आणि साल लिहून ठेवा. मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेन नको. त्याची रेघ पुढच्या बाजूला उमटते आणि शाई फुटते. नावं आजच विचारून घ्या. आमच्या घरच्या एका फोटोत अकरा माणसं आहेत, आणि त्यांतली चार कोण हे नानींशिवाय कोणालाच सांगता येत नव्हतं.

चिकट पानांचे अल्बम वापरू नका, काही वर्षांनी फोटो सोडवता सोडवता फाटतो. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि डाग सोडते. ओल्या फडक्याने तर कधीच पुसू नका. कोरड्या मऊ कुंच्याने धूळ झाडा. पावसाळ्यात फोटो लोखंडी पेटीच्या तळाशी ठेवू नका. कोरड्या जागी, कागदी पाकिटात ठेवा, आणि नव्या वस्तूंच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात, त्यांतली एक डब्यात टाका. मुलांच्या हाती मात्र ती लागू देऊ नका.

भिंतीवरच्या फोटोवर ऊन थेट येत असेल तर जागा बदला. आणि गेलेल्या माणसाच्या फोटोखाली उदबत्ती लावताना थोडी लांब लावा. वर्षानुवर्षांच्या धुराने तीच माणसं काळवंडून जातात.

हे सगळं मी नानींना वाचून दाखवलं, तेव्हा त्या हसल्या. कारण फोटोला सर्वांत जास्त विरोध त्यांचाच. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं. मी म्हटलं, "नानी, फाळक्यांचा बडोद्यातला धंदा याच समजुतीपायी बसला. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, अशी आवई उठली होती तिथे. पण तुमचं तर उलटं झालं. फोटोने तुमचं आयुष्य घटलं नाही, वाढलं."

नानी काही बोलल्या नाहीत. पाटल्या वर सारत बसल्या. आता त्या कोपरापर्यंत जात नाहीत, अध्ये-मध्येच अडकतात. मी हल्ली रोज सकाळी चहा देताना आधी त्यांच्या मनगटाकडे पाहते. आमचा वाटाणा तिथे आहे.

यंदाच्या यात्रेच्या दिवशी घरचा फोटो काढायचं ठरलं आहे. परवा त्याची रंगीत तालीम म्हणून मी नानींना ओसरीवर बसवलं, मुलांना शेजारी उभं केलं, ह्यांना मागे, आणि मोबाईल घेऊन अंगणात उभी राहिले. "हसा," म्हटलं. कोणी हसेना. नानी माझ्याकडे टक लावून पाहत होत्या.

"मना फोटू कसाले? मना निंघना," त्या म्हणाल्या. माझा फोटो कशाला, माझा निघालाय. आणि बाकावर स्वतःच्या शेजारची जागा हाताने झाडत म्हणाल्या, "तू बी ये. तुना फोटू कोन काढी?"

तुझा फोटो कोण काढणार? सोळा वर्षांत या घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. शेजारच्या काकूंच्या हातात मोबाईल दिला आणि मी पदराला हात न पुसताच जाऊन बसले.

तुम्हीही बसा हं, मैत्रिणींनो. या वर्षी शेवटच्या ओळीत नको. आणि फोटो काढून झाला, की मागच्या वर्षीचा शेजारी ठेवायला विसरू नका.